"जिंकला" कधी लिहायचं? अमेरिकन गव्हर्नरच्या निवडणुका आणि विकिपीडियावरची सहा चिन्हं

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता वेगळा व्हिडिओ केल्याशिवाय माझी सुटका नाही. प्रश्न असा, की मिशिगनच्या २०१८ च्या गव्हर्नर निवडणुकीच्या पानावर, त्या वरच्या माहितीचौकटीत, म्हणजे उमेदवारांचे फोटो आणि मतं असतात त्या चौकोनात, श्री ठाणेदारांचा फोटो का नाही. एका काकांनी तर लिहिलंय, "आमच्या बेळगावात वाढलेला माणूस, मिशिगनमध्ये दोन लाखांच्या आसपास मतं घेतो, आणि तुम्ही विकिपीडियावाले त्याला दाबता." काका, दाबत कोणी नाहीये, आणि "तुम्ही विकिपीडियावाले" म्हणजे काय ऑफिस आहे का आमचं? मी रात्री ओटा आवरून झाला की सांगलीत घरी बसून एडिट करणारी बाई आहे, पगार शून्य, शिव्या भरपूर.

तर उत्तर. ठाणेदार उभे होते ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, ७ ऑगस्ट २०१८ ला. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते बंगल्यावर ठरतं, तिकडे त्याच्यासाठीच आधी एक मतदान होतं. ग्रेचेन व्हिटमरना ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यदना ३० टक्के, आणि ठाणेदारांना साधारण १८ टक्के. तिसरे आले, विषय तिथे संपला. वरची चौकट असते ती नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीची, तिथे व्हिटमर विरुद्ध बिल शूटी. ठाणेदार त्याच पानावर खाली प्रायमरीच्या तक्त्यात आहेत की, नाव आहे, मतं आहेत. पुढे २०२३ मध्ये ते अमेरिकेच्या संसदेत गेले त्यामुळे त्यांचं स्वतंत्र पानही आहेच. वरची चौकट म्हणजे सत्कार समारंभाचं स्टेज नव्हे हो, तिथे न बसवल्याने कोणाचा अपमान होत नाही.

आता बेसिक गोष्टी, पटपट, कारण त्या सगळ्यांना माहीत असतात. पन्नास राज्यं, पन्नास गव्हर्नर, सगळे थेट लोकांनी निवडलेले. मुदत चार वर्षं, फक्त न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटला दोन. सगळ्या निवडणुका एकदम होत नाहीत. यंदा २०२६ ला ३ नोव्हेंबरला ३६ राज्यांत आहेत, म्हणूनच तुमचे प्रश्न आत्ता वाढलेत हे मला कळतंय. झालं, बेसिक संपलं.

नाही, एक राहिलं, आणि ते सांगताना मी जरा चिडणार आहे. "राज्यपाल". कृपा करून अमेरिकन गव्हर्नरला राज्यपाल लिहू नका. पेपरवाले लिहितात, मला माहितीय, लहानपणापासून वाचतेय. पण आपला राज्यपाल घटनेच्या कलम १५५ प्रमाणे राष्ट्रपती नेमतात, त्याची निवडणूक नाही, प्रचार नाही, तो मुख्यमंत्र्याला शपथ देतो. तिकडचा गव्हर्नर प्रचार करतो, निवडून येतो, सरकार तोच चालवतो, म्हणजे कामाच्या हिशोबाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. आता "मिशिगनच्या राज्यपालपदाची निवडणूक" असं वाचल्यावर दहावीचं नागरिकशास्त्र वाचलेल्या पोराने काय समजायचं? मी मराठी पानावर सरळ "गव्हर्नर" लिहिते. एकाने कमेंट केली की ताई मराठीचा खून करताय. अहो, चुकीचा मराठी शब्द वापरण्यापेक्षा बरोबर आणि रुळलेला परका शब्द परवडला. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला म्हणता का कधी राज्यपाल? मग झालं तर.

हां, फोटोंवर येऊ. चौकटीत कोण येणार याला इंग्रजी विकिपीडियावर एक प्रघात आहे, पाच टक्के. निकालात पाच टक्के किंवा जास्त मतं मिळाली तर चौकटीत, नाहीतर खाली तक्त्यात. हा काही कायदा नाही, चर्चा पानांवर लोकांनी भांडून भांडून बसवलेला नियम आहे, आणि अजूनही दर निवडणुकीला कोणीतरी उठून विचारतंच की पाचच का. पण नसता तर काय झालं असतं बघा. कॅलिफोर्नियात २००३ ला गव्हर्नर ग्रे डेव्हिसना मुदत संपायच्या आधीच पदावरून काढायचं का यावर मतदान झालं, तेव्हा त्यांच्या जागी यायला १३५ उमेदवार! श्वार्झनेगर जिंकले ती निवडणूक. १३५ फोटो लावायचे का? पाच टक्क्यांच्या वर त्यातले फक्त तिघे. आणि उलट्या बाजूने, "मोठे दोन पक्ष घ्या, बाकी सोडा" असं म्हणणाऱ्यांना मी मेन राज्याचं २०१० दाखवते. रिपब्लिकन लपाज जिंकले जवळपास ३८ टक्क्यांवर, दुसरे आले अपक्ष कटलर, ३६ टक्के, फरक दहा हजार मतांच्या आत, आणि डेमोक्रॅटिक उमेदवार १९ टक्क्यांवर तिसऱ्या. फक्त मोठे दोन पक्ष दाखवले असते तर जो माणूस थोडक्यात हरला तोच पानावरून गायब! त्याच वर्षी कोलोरॅडोत रिपब्लिकन उमेदवाराला ११ टक्के आणि कॉन्स्टिट्यूशन पार्टी नावाच्या छोट्या पक्षाकडून उभ्या राहिलेल्या टँक्रेडोंना ३६ टक्के. त्यामुळे पाच टक्के, ठीक आहे, चालवून घ्या.

फोटोवरून आठवलं, पक्षपात पक्षपात म्हणून ओरडता ना तुम्ही, की एकाचा फोटो छान आणि दुसऱ्याचा गर्दीतून कापलेला, माइक तोंडासमोर, डोळे अर्धे मिटलेले. तो पक्षपात नाहीये, कॉपीराइट आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेले फोटो कोणालाही वापरता येतात, म्हणून जो आधी संसदेत होता त्याचा झेंड्यासमोरचा झकास फोटो आयता मिळतो. राज्य सरकारांच्या फोटोंना तो नियम सरसकट लागू नाही. मग ज्याने राज्यातच राजकारण केलं त्याच्यासाठी कोणीतरी सभेत मोबाइलवर काढून फुकट वापरायला दिलेला फोटो शोधत बसायचं. मी एकदा एका उमेदवाराचा त्यातल्या त्यात बरा फोटो शोधायला दीड तास घालवलाय, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच समर्थकाने मला विरोधी पक्षाची एजंट म्हटलं.

बरं. आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी खरं तर हा व्हिडिओ आहे. "जिंकला" कधी लिहायचं.

(स्क्रीनवर चौकटीचा कोड)

हे बघा. चौकटीत दोन उमेदवारांची मतं. जो जिंकला त्याचा आकडा ठळक करतात, आणि ठळक करायला आकड्याच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन, अशी एकेरी अवतरण चिन्हं टाकायची. सहा चिन्हं, बास. आणि खाली एक ओळ, "निवडून आलेला गव्हर्नर", तिथे नाव. मी जेवढी भांडणं बघितलीत ना गव्हर्नरच्या पानांवर, त्यातली अर्धी या सहा चिन्हांवरून आहेत. एक जण टाकतो, दुसरा काढतो, पहिला परत टाकतो, आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक.

माझीच फजिती सांगते. केंटकी राज्याची गव्हर्नर निवडणूक, ५ नोव्हेंबर २०१९. तिकडची मंगळवारची रात्र म्हणजे आपला बुधवार सकाळ. आई म्हणतेय दूध उतू जातंय, आणि मी लॅपटॉपवर. अँडी बेशियर मॅट बेव्हिनच्या पुढे पाच हजार मतांनी, सगळी मतदान केंद्रं मोजून झालेली, बेशियरनी विजयाचं भाषण केलं, काही चॅनेलांनी त्यांना विजेता म्हटलं. मी टाकली सहा चिन्हं. चार मिनिटांत उलटवलं. संपादन सारांशात, म्हणजे बदल का केला ते लिहायच्या ओळीत, फक्त एवढंच, "एपीने अजून जाहीर केलेलं नाही." मी चिडले, परत टाकली. परत उलटवलं. मग मी जाऊन बघितलं तर खरंच, एपी, म्हणजे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था, म्हणत होती की फरक इतका कमी आहे की आत्ता सांगता येत नाही. बेव्हिननी रिकॅनव्हास मागितला, आणि त्याला पण फेरमोजणी म्हणू नका बरं का, त्यात मतपत्रिका एकेक करून मोजत नाहीत, प्रत्येक काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे, छापील आकडे परत तपासून बेरीज जुळवतात. १४ नोव्हेंबरला ते झालं, बेव्हिननी हार मानली, शेवटचा फरक ५,१३६. म्हणजे मी बरोबर होते. आणि तरी मी चुकले होते. कारण त्या बुधवारी सकाळी माझ्याकडे अंदाज होता, आणि चौकटीत मी तो निकाल म्हणून लिहिला.

यावर एकाने विचारलं, मग हरलेल्याने हार मानेपर्यंत थांबायचं का. नाही! तेही नाही. जॉर्जिया २०१८. ब्रायन केम्प ५०.२ टक्के, स्टेसी अब्राम्स ४८.८. तिथे निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर परत मतदान घ्यावं लागतं, म्हणून एकेका मतपत्रिकेवरून कोर्टकचेऱ्या. १६ नोव्हेंबरला अब्राम्सनी भाषण केलं, की केम्पच विजेते म्हणून जाहीर होणार हे मला दिसतंय, पण हे माझं हार मान्य करणं नव्हे. आता तुम्ही हार मानायची वाट बघत बसला असतात तर ते पान आजही अर्धवट असतं. हार मानणं ही रीतभात आहे, कायद्यात त्याला काही किंमत नाही. केम्पच्या आकड्याला सहा चिन्हं लागली, आणि अब्राम्स काय म्हणाल्या, मतदार याद्यांबद्दल काय तक्रार होती, केम्प स्वतःच तेव्हा राज्याच्या निवडणुका बघणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, हे सगळं खाली मजकुरात आलं, कोण म्हणालं ते नावासकट. चौकटीत वाद घालायला जागाच नसते, तो मजकुरात घालायचा.

मग हुशार लोक म्हणतात, ताई सोपं आहे, सरकारी सर्टिफिकेट निघेपर्यंत थांबा. बरं, थांबा. आणि वॉशिंग्टन राज्य २००४ बघा. राजधानी नव्हे, सिएटलवालं. २८ लाखांच्या वर मतं. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन डिनो रॉसी २६१ मतांनी पुढे. इतक्या कमी फरकाला तिथे मशीनने आपोआप फेरमोजणी होते, त्यात रॉसी ४२ ने पुढे. ३० नोव्हेंबरला सर्टिफिकेट निघालं, रॉसी विजयी. सरकारी शिक्क्यासकट! मग डेमोक्रॅटिक पक्षाने पैसे भरून हाताने मोजणी मागितली, किंग काउंटीत चुकून बाद झालेली मतं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मोजू दिली, आणि त्यांच्या उमेदवार ख्रिस्टीन ग्रेगॉर १२९ मतांनी पुढे. ३० डिसेंबरला दुसरं सर्टिफिकेट, १२ जानेवारीला शपथ. रॉसी कोर्टात. ६ जून २००५ ला न्यायाधीशांनी निकाल कायम ठेवला, आणि अपात्र लोकांची चार मतं रॉसींच्या खात्यातून वजा केली, म्हणजे फरक झाला १३३. आता सांगा, चौकटीत १२९ की १३३? माझं मत, चौकटीत राज्याने शेवटी प्रमाणित केलेले आकडे, आणि १३३ ची गोष्ट मजकुरात, तिन्ही मोजण्यांच्या तक्त्याच्या शेजारी. कारण नुसता शेवटचा आकडा लिहिला तर या पानावर सांगण्यासारखं जे आहे तेच निघून जातं.

म्हणजे चॅनेल, हार मानणं, सर्टिफिकेट, यातलं एकटं काहीच पुरत नाही. मी आता काय करते, तर क्रियापद बघते. सोर्स "आघाडीवर" म्हणतोय तर आघाडीवर. एपीने विजेता म्हटलं तर "एपीच्या अंदाजानुसार" आणि तारीख. प्रमाणित झालं तर प्रमाणित. सोर्सच्या शब्दापुढे एक पाऊलही टाकायचं नाही. आणि "९८ टक्के मोजणी झाली" वाचून उड्या मारू नका, ते कधीकधी मतदान केंद्रांचे टक्के असतात, टपालाची मतं वेगळी. कॅलिफोर्निया तर कित्येक आठवडे मोजत बसतं.

आणि हो, निवडून आला म्हणजे गव्हर्नर झाला नाही. व्हिटमर ६ नोव्हेंबर २०१८ ला जिंकल्या, पदावर बसल्या १ जानेवारी २०१९ ला. मधले आठ आठवडे त्यांच्या पानावर कोणी ना कोणी येऊन "विद्यमान" लिहून जाणारच. बेशियरची शपथ १० डिसेंबरला होती, आणि मी, मीच, आधी त्या बुधवारी... जाऊ दे, ते पानाच्या इतिहासात आहे, बघायचं तर बघा, माझं सदस्य नाव शोधायला लागणार नाही, दोनदा उलटवलेलं आहे.

काका, मिशिगनच्या प्रायमरीचा तक्ता काल रात्री मराठी पानावर टाकलाय. ठाणेदार तिसऱ्या ओळीत आहेत. ठळक नाहीयेत. ४ नोव्हेंबरच्या सकाळी मला कोणी "ताई अपडेट करा ना" असा मेसेज करू नका, मी दूध तापवत असेन.