कन्हानची रेती आणि समुद्राचा किनारा

नमस्कार श्रोतेहो. नागपूरहून सर्वांत जवळचा समुद्र म्हटला तरी सरळ रेषेत ६०० किलोमीटरच्या आसपास, आणि तोही मुंबईचा नव्हे, आंध्रचा. मग किनाऱ्याच्या धुपेबद्दल नागपुरात बसून कशाला बोलायचं? पण घराच्या कामावर रेतीचा टिप्पर रिकामा होताना तुम्ही पाहिला असेल, तर या विषयाचं एक टोक तुमच्या पाहण्यातलं आहे.

ती रेती येते कन्हान नदीतून, आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. पुढे वर्धा येऊन मिळाली की तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते आणि राजमहेंद्रीच्या खाली त्रिभुज प्रदेश करून बंगालच्या उपसागरात जाते. बारीक गाळ पुराच्या पाण्यात तरंगत हा सगळा रस्ता भराभर कापतो. जाड रेती मात्र तळाशी लोळत, थांबत, दर पावसाळ्यात थोडी थोडी पुढे सरकते.

किनाऱ्याचं गणित दुकानाच्या खातेवहीसारखं आहे. लाटा रोज वाळू उचलून नेतात, नदी ती आणून भरते. आवक घटली की किनारा मागे सरतो. गोदावरीतून समुद्राकडे जाणारा तरंगता गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन होता. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या खाली आला. मुख्य कारण धरणं. जलाशयात पाण्याचा वेग मरतो, गाळ खाली बसतो आणि दरवाज्यातून सुटतं ते बरंचसं निवळलेलं पाणी. त्यात त्रिभुज प्रदेशाची जमीन मुळातच भुसभुशीत गाळाची, स्वतःच्या वजनाने खचत राहणारी. वरून नवा थर पडला नाही तर ती समुद्राच्या मानाने खाली जाते, आणि समुद्राची पातळी तर आता वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढते आहे.

आता आपला टिप्पर. त्यातली रेती रेतीघाटातली, म्हणजे नदीच्या पात्रातून उपसलेली. रेतीघाटात खोल खड्डा पडला की वरून वाहत येणारी रेती आधी तो खड्डा भरते, मगच पुढे जाते. खरं सांगायचं तर कन्हानची रेती आज अंभोऱ्यापाशी, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यातच अडते. म्हणून तुमच्या स्लॅबमुळे आंध्रचा किनारा तुटला असं कोणी म्हणणार नाही. पण गोदावरीच्या एकेका उपनदीवर हेच चाललं आहे, आणि बेरीज समुद्रावर दिसते.

समुद्रावर मात्र एक घाई टाळायला हवी. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून किनाऱ्यापासून थोड्या आत, पाण्याखाली तिचा बांध घालतात. हिवाळ्यात लाटा मऊ झाल्या की तीच वाळू परत चढते. ऑगस्टमधला फोटो पाहून ‘समुद्राने किनारा गिळला’ म्हणणं चूक. निदान फेब्रुवारीपर्यंत थांबावं. गेलेली वाळू तेव्हाही परतली नाही, तर ती धूप.

दुसरी गोष्ट, वाळू किनाऱ्याला समांतरही चालते. लाट तिरपी चढते, पाणी उतरताना सरळ खाली येतं आणि वाळूचा कण करवतीच्या दात्यांसारखा पुढे पुढे जातो. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशेब केला तर ही चाल दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. तिच्या आड भिंत घातली की काय होतं, ते चेन्नईत दिसतं. १८७६ पासून तिथे बंदराचे बांध समुद्रात शिरले. दक्षिणेला वाळू साचून मरीना बीच रुंदावला, तर उत्तरेला रोयापुरमकडे किनारा कापत गेला. १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून भारताच्या मुख्य भूमीचा सुमारे ३४ टक्के किनारा धुपतो आहे आणि सुमारे २७ टक्के वाढतो आहे. एकाची गेलेली वाळू पुष्कळदा दुसऱ्याच्या दारात पडलेली असते.

उपाय म्हणून सगळ्यांना आधी सुचते ती दगडी भिंत. लाट भिंतीवर आपटून जोराने परतते आणि पायथ्याची वाळू खरवडते. पायथ्याचे दगड खाली बसले की वरचे घसरतात. दगडांमागे गाळणीचं कापड आणि बारीक खडीचा थर नसेल तर मागची माती फटींतून निघून जाते आणि वर दिसायला धड असलेला रस्ता एक दिवस खचतो. भिंत मागची जमीन काही वर्षं राखते, पुढची पुळण नाही. शिवाय भिंत जिथे संपते तिथून पुढच्या गावाला धूप जास्त लागते. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा इथे दगडांबरोबर वाळू भरलेल्या कापडी नळ्या, म्हणजे जिओट्यूबही टाकल्या होत्या. अशी नळी एकदा फाटली की आतली वाळू गळते आणि उरतो तो नुसता चिंधा.

दिवाळीत कोकणात जाणाऱ्यांनी, विशेषतः शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनी, पुळण मोजून पाहावी. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या घ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. ओहोटीच्या वेळी पक्क्या खुणेपासून समुद्राकडे निघा, दोन काठ्यांत दोन मीटर अंतर ठेवा. मागच्या काठीशी उभं राहून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ती नजरेची रेषा मागच्या काठीला ज्या खुणेवर छेदते, तेवढा तिथला उतार. आकडा लिहा, काठ्या पुढे न्या, पाण्यापर्यंत असंच करत जा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खुणेपासून पुन्हा मोजा. खूण म्हणून देवळाचा चौथरा घ्या, विहिरीचा कठडा घ्या. काठावरचं सुरूचं झाड घेऊ नका, पहिलं तेच पडतं.