बदकाचा पंख बाहेर का फिरतो?

(दृश्य: मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची पाळ. धानाच्या बांध्यांतून बदकांची रांग पाण्याकडे निघालेली.)

भंडारा, गोंदिया, गडचिरोली. धानाचा आणि तलावांचा मुलूख. पाणी जवळ, कनकी (तांदळाची कणी) आणि कोंडा घरचाच, त्यामुळे अंगणात चार-सहा बदकं पाळणं इथं अवघड नाही. त्यातलं एखादं पोरांचं लाडकं असतं, आणि बहुतेकदा त्या लाडक्याचाच पंख बिघडतो. ज्याला सगळे येता-जाता चारतात, त्याचा.

(जवळून: पेकिन जातीच्या बदकाचं महिन्याभराचं पिल्लू. डाव्या पंखाचं टोक अंगापासून सुटून बाहेर आलेलं.)

नीट बघा. खांद्यापासून कोपरापर्यंत पंख जागेवर आहे, कोपरापासून मनगटापर्यंतही. बिघाड आहे तो मनगटाच्या पुढच्या भागात. तो बाहेरच्या अंगाला पिळला गेलाय. पंख मिटल्यावर जी लांब पिसं आतल्या बाजूला सरकून झाकली जायला हवीत, ती खिडकीबाहेर काढलेल्या हातासारखी बाजूला उभी आहेत. पशुवैद्य याला ‘एंजल विंग’ म्हणतात. बरेचदा एकच पंख फिरतो, आणि त्यातही डावा जास्त.

(आवाज, अंगणातून: “काकाजी, पंख मोडला का हो याचा?” “मोडला नाही रे बाबू. हात लावून पाह्य, सूज आहे का कुठं?”)

तपासायचं असंच. हाड मोडलं असेल तर सूज असते, जागा गरम लागते, हात लावला की पिल्लू झटका देतं आणि आख्खा पंख खाली लोंबतो. असं पिल्लू दवाखान्यातच न्यावं. इथं यातलं काही नाही. तिसरी अवस्थाही ओळखता यायला हवी. तीन ते पाच आठवड्यांचं पिल्लू दमलं की दोन्ही पंख थोडे खाली सोडतं, पण टोक आतच असतं. त्याला काही करायची गरज नाही.

(जवळून: कोवळ्या पिसाची निळसर, रक्तानं भरलेली नळी.)

आता कारण. चौथ्या आठवड्याच्या आसपास पंखाची मोठी पिसं फुटू लागतात. पीस कोवळं असताना त्याच्या नळीत रक्त असतं, म्हणून ते जड असतं. हे ओझं पेलायचं मनगटाच्या कोवळ्या सांध्यानं. वाढ बेतानं झाली तर स्नायू आणि हाड त्या ओझ्याच्या बरोबरीनं तयार होतात. खुराक फार जोरकस असेल तर पिसं पुढं धावतात, सांधा मागं राहतो आणि टोक वजनानं खाली जाऊन बाहेर वळतं.

आपल्याकडे हा जोरकस खुराक येतो कुठून? गावाजवळच्या दुकानात बदकाचं खाद्य सहसा मिळत नाही. मिळतं ते ब्रॉयलर कोंबडीचं, ज्यात प्रथिनं २२ टक्क्यांच्या आसपास असतात. ते सहा आठवड्यांत कोंबडी विकायला काढण्यासाठी बनवलेलं आहे. दुसऱ्या टोकाला नुसती कनकी, शिळा भात आणि ब्रेड. यात पोट भरतं, वजन चढतं, पण मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्वं कमी पडतात. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये निघालेली पिल्लं उन्हाच्या, कुत्र्या-मुंगसांच्या भीतीनं दिवसभर टोपलीखाली. पुढ्यात भरलेलं ताट आणि पंख फडफडवायला वीतभर जागा नाही. काही बदकांत आनुवंशिक कलही असतो, पण आधी ताट तपासा. आमच्या मते दोष तिथंच सापडण्याची शक्यता जास्त.

(दृश्य: ओट्यावर साहित्य. मेडिकलमधली इंचभर रुंदीची कागदी चिकटपट्टी, जुना टॉवेल, कात्री.)

टोक फिरलेलं दिसलं की त्याच दिवशी बांधा. पहिल्या दोन-चार दिवसांत बांधलेला पंख सहसा आठवडाभरात जागेवर राहू लागतो. उशीर होईल तसं हाड पक्कं होत जातं, आणि अडीच-तीन महिन्यांच्या बदकात बांधून फारसा उपयोग होत नाही.

माणसं दोन लागतात. एकानं पिल्लू टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरायचं, फिरलेला पंख तेवढा बाहेर. पंखाला धरून उचलायचं नाही, कधीच. दुसऱ्यानं पंख विश्रांतीत मिटतो तसा तीन घड्यांत मिटवायचा. फिरलेलं टोक हळूच आत वळवून लांब पिसं बाकीच्या पिसांखाली सारायची. जोर लावावा लागत असेल तर थांबा, पुन्हा उघडून मिटवा. मग मनगटाच्या थोडं मागून पट्टी सुरू करून मिटलेल्या पंखाभोवती दोन-तीन वेढे द्यायचे. वेढा पंख आणि अंग यांच्या मधून जातो.

(जवळून: पट्टीखाली करंगळीचं टोक सरकवून पाहिलं जातंय.)

पट्टीखाली करंगळीचं टोक जायला हवं. पट्टी छातीभोवती गुंडाळू नका. श्वास कोंडतो, बदकाचा तोलही जातो. वायरिंगची काळी टेप आणि रबरबँड तर मुळीच नको. कोवळं पीस मोडून रक्त आलं तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा. वर कॉर्नफ्लोअर (मक्याचं पांढरं पीठ) दाबलं तरी चालतं.

दोन दिवसांनी पट्टी सोडा, अर्धा तास पंख मोकळा फडफडू द्या आणि बघा. टोक आत राहिलं तर काम झालं. पुन्हा बाहेर आलं तर पुन्हा बांधा, दोन-दोन दिवसांनी, जास्तीत जास्त दोन आठवडे. मधे पंखाचं टोक सुजलं, गार पडलं किंवा काळपट दिसलं, तर पट्टी तडक कापा. पट्टी बांधलेलं पिल्लू बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सोडू नका. ओली पट्टी आवळते आणि कातडी सडवते. डोकं बुडेल एवढं पाणी मात्र खोलगट भांड्यात हवंच, नाहीतर त्याच्या नाकपुड्या आणि डोळे घाण होतात.

(दृश्य: घमेल्यात खाद्य कालवलं जातंय.)

पट्टी बांधली आणि ताट तेच ठेवलं, तर दुसरा पंखही फिरेल. पहिले दोन आठवडे २० टक्के प्रथिनं ठीक. तिसऱ्या आठवड्यापासून १५-१६ वर उतरा. १० किलोचा हिशेब असा: कनकी किंवा मक्याचा भरडा ६ किलो, धानाचा ताजा कोंडा २ किलो, सोयाबीनची ढेप १ किलो ७०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण ३०० ग्रॅम. ढेप म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, दुकानात डीओसी म्हणून मिळते ती; घरचं कच्चं सोयाबीन पचत नाही. सरकीची ढेप नको. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप तर बदकाला जीवघेणी आहे, कोंबडीपेक्षाही जास्त. ब्रॉयलरचं पोतं आधीच घेतलं असेल तर त्यात तेवढाच मक्याचा भरडा आणि थोडं खनिज मिश्रण घाला. रात्री ताट उचला, पाणी ठेवा. आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं धानाच्या बांधीत सोडा. गोगलगायी, किडे, गवत त्यांचं त्यांना सापडतं, पंखही हलतात.

पिल्लू पायानं फेंगडं चालत असेल तर तो वेगळा विषय, नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीपेक्षा जास्त, किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं.

(दृश्य: पंख फिरलेलं मोठं बदक, तारेच्या कुंपणापासून दूर, चरताना.)

मोठ्या बदकाचा पंख फिरलेला राहिला तरी त्याला वेदना नसतात. ते चरतं, पोहतं, मादी असेल तर अंडी देते. बाहेर आलेली पिसं तारेत अडकत असतील, तर नळी पांढरी आणि कोरडी झाल्यावर निम्मी कापा. निळसर दिसतेय तोवर कात्री लावू नका. पीस वारंवार मोडून रक्त येत असेल, तर टोक काढायचं की नाही हे पशुवैद्य ठरवतील. खुराक सुधारूनही त्याच जोडीच्या पिल्लांत पंख फिरत राहिले, तर त्या जोडीची अंडी खुडूक कोंबडीखाली न ठेवता खायला वापरा.