विमानतळावर थांबणारे पुनर्वसन

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो, कार्यक्रमपत्रिकेवर ‘निर्वासितांचे पुनर्वसन : वस्ती, भाषा आणि काम’ असे छापले आहे. त्या तिन्हींकडे मी येणारच आहे. परंतु विमानाच्या तिकिटाविषयी बोलल्याखेरीज मला पुढे जाववत नाही. मागच्या रांगेत जे आत्ताच हसत आहेत, त्यांनी हे पूर्वीही ऐकलेले दिसते.

आश्रयाला आलेल्याला पुन्हा धोक्याच्या तोंडी देऊ नये, असे बंधन निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार घालतो. मात्र दुसऱ्या देशाच्या छावणीत अडकलेल्याला आणून आपल्याकडे वसवावे, असे बंधन कोणत्याही देशावर नाही. त्यामुळे तिसऱ्या देशातले पुनर्वसन हा सर्वस्वी मर्जीचा मामला ठरतो आणि जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना दर वर्षी ती संधी मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची शिफारस, मुलाखती, सुरक्षा तपासणी, छातीचा एक्स-रे अशा चाळण्यांतून पार पडलेला माणूस अखेर विमानतळावर येतो, तेव्हा त्याच्या हातात आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची पिशवी असते आणि तिच्यात त्याचे सारे कागद असतात. अमेरिकेला निघालेल्या प्रत्येक प्रौढाने निघण्यापूर्वी आणखी एका कागदावर सही केलेली असे. तो कागद प्रवासखर्चाच्या कर्जाचा.

कर्ज बिनव्याजी होते, हे मान्य. पण ते माणशी मोजले जाई आणि त्यात पोरेबाळेही आली. म्हणजे मोठे कुटुंब नव्या भूमीवर पाऊल ठेवायच्या आतच हजारो डॉलरचे देणेकरी होई आणि काही महिन्यांतच हप्ते सुरू होत. वसुलीचे काम बहुधा स्वागताला आलेल्या संस्थेकडेच असे आणि वसूल रकमेतला काही वाटाही तिलाच मिळे. ज्यांनी स्वागत करायचे, त्यांनीच तगादा लावायचा! समर्थक म्हणतात, की हप्ते फेडल्याने नवागताची बाजारात पत निर्माण होते. ज्याने आयुष्यात कोणाचे देणे ठेवले नाही त्याची पत शून्य, हे अर्थशास्त्र माझ्या पिढीच्या पचनी पडणे कठीण आहे. कॅनडाही असेच कर्ज देतो. त्यावरचे व्याज २०१८ मध्ये बंद झाले, इतकीच काय ती प्रगती.

२०२५ च्या जानेवारीत स्थगित झालेल्या त्या अमेरिकी पुनर्वसन योजनेत नवागताच्या घरी काय असावे, याची यादीही ठरलेली होती : माणशी एक ताट, डबा उघडण्याचे साधन आणि गजराचे घड्याळ. घड्याळ मला फार बोलके वाटते. प्राथमिक मदत फार तर नव्वद दिवसांची असल्यामुळे, लवकर उठून मिळेल त्या कामावर जावे, ही अपेक्षा त्या यादीतच दडलेली होती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता थोडक्यात मांडतो.

वस्तीविषयी : स्वीडनने १९८५ पासून निर्वासितांना देशभर विखरून ठेवले. पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की कमी शिकलेल्यांची कमाई आपल्या माणसांच्या सान्निध्यात अधिक चांगली होते. काम कोठे आहे, हे त्यांना आधी तीच माणसे सांगतात. भाषेविषयी : जर्मनीच्या एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचे साधारण सहाशे तास ठेवले आहेत आणि तो खर्च योग्यच आहे. मात्र वर्गाच्या वेळी मुलांना सांभाळणारे कोणी नसेल, तर त्या तासांचा लाभ आईपर्यंत पोहोचत नाही.

कामाविषयी मला कॅनडाची खासगी प्रायोजकत्वाची पद्धत महत्त्वाची वाटते. १९७९-८० मध्ये इंडोचायनातून, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून, आलेल्या साठ हजारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी सामान्य नागरिकांच्या गटांनी घेतली आणि निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल दिले जाणारे नान्सेन पदक १९८६ मध्ये कॅनडाच्या जनतेला मिळाले. २०२४ च्या नोव्हेंबरात असे नवे अर्ज घेणे थांबेपर्यंत तेथे पाच नागरिक एकत्र येऊन साधारण वर्षभराची हमी देऊ शकत. पैशाइतकाच उपयोग त्यांच्या ओळखींचा होतो. कोणाचा मेहुणा कारखान्यात असतो, तर कोणाची मैत्रीण दवाखान्यात. सरकारी योजनांनी हे घ्यावे. प्रवासाचे कर्ज माफ करावे आणि मदतीची मुदत विमान उतरल्याच्या तारखेपासून नव्हे, तर पहिले टिकाऊ काम मिळाल्याच्या तारखेपासून मोजावी. पदव्यांच्या मान्यतेचा प्रश्न राहिला; तो कोणी विचारलाच, तर उत्तर लांबेल.