सर्पदंशाचा बेड: सिस्टर आणि डॉक्टर

[दृश्य: अपघात विभागाचं दार. रुग्णवाहिकेतून स्ट्रेचर उतरतं.]

पावसाळ्यात मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या शिवारातून साप चावलेला माणूस सोलापुरात आणतात, तेव्हा पायाला बहुधा दोरी करकचून बांधलेली असते. ती चटकन सोडायची नाही. आधी शिरेत सुई लागायला हवी, डॉक्टर शेजारी हवेत. नाहीतर अडलेलं विष एकदम अंगात पसरतं. सिस्टर आणि डॉक्टर यांची कामं इथपासूनच एकमेकांत गुंततात.

[दृश्य: ट्रेमध्ये उभी काचेची नळी. भिंतीवरचं घड्याळ.]

रक्तावर विषाचा परिणाम झालाय का, हे कळायला वॉर्डातच एक चाचणी होते. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं, तर ते गोठलेलं नाही. आपल्या भागात तेव्हा घोणस किंवा फुरशाचा संशय घ्यायचा.

पुष्कळ ठिकाणी नळी लावतात सिस्टर आणि त्यावरून डोस ठरवतात डॉक्टर. म्हणून नळी कोणती होती, हे डॉक्टरांनी विचारावं आणि सिस्टरांनी न विचारताही सांगावं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी असेल, तर चांगलं रक्तही न गोठल्यासारखं दिसतं आणि गरज नसताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चढते. मधेच कुणी हलवून पाहिली, तरी चाचणी पुन्हा करावी लागते.

[दृश्य: हातात व्हायल, पांढरी पावडर हळूहळू विरघळते.]

 एएसव्हीच्या सुरुवातीला साधारण 10 व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, लागतात. प्रत्येकीत 10 मिली निर्जंतुक पाणी घालून ती हळुवार गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो. हे दहा वेळा करायचं, मग सलाईनमध्ये मिसळून तासाभरात द्यायचं. ‘चालू करा’ म्हणून गेलेल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत येऊन ‘अजून नाही?’ विचारणं बरोबर नाही. व्हायल विरघळवायला दुसरे हात द्यावेत.

लहान मुलालाही डोस तेवढाच. साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही. हे कारण माहीत नसलेली नवी सिस्टर डोस जास्त लिहिलाय समजून थबकते. तिचं थबकणं योग्यच आहे, आणि तिला कारण सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे.

एएसव्हीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ड्रिप सुरू करण्याआधी त्यावरचं औषध, ॲड्रेनालिन, सिरिंजमध्ये भरलेलं हवं. मोठ्या माणसासाठी 0.5 मिलिग्रॅम. पहिला अर्धा तास दर 5 मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, अंगावर गांधी, थंडी, उलटी बघायची. हे बघायला बेडपाशी सिस्टर असतात. म्हणून ‘रिॲक्शन आली तर ड्रिप थांबवा, ॲड्रेनालिन मांडीच्या स्नायूत द्या’ हे डॉक्टरांनी आधीच केसपेपरवर लिहून सही केलेली हवी. नाहीतर फोन लागेपर्यंत मिनिटं जातात.

[दृश्य: ट्रीटमेंट शीट. एका ओळीवर बोट.]

आता ही ओळ बघा: डायक्लोफेनॅक, स्नायूत. दुखतंय म्हणून सवयीने लिहिलं गेलं. पण या पेशंटचं रक्त गोठत नाही. सुईच्या जागी आत रक्त साचेल, आणि घोणशीच्या विषाने आधीच धोक्यात आलेल्या मूत्रपिंडांवर या औषधाचा आणखी ताण पडेल. धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा रक्त गोठू लागेपर्यंत थांबतं. सिस्टरांनी इथे म्हणायचं, ‘सर, रक्त गोठत नाहीये, स्नायूत द्यायचं का?’ आणि डॉक्टरांनी ओळ खोडून, सही करून पॅरासिटामॉल लिहायचं. यात कुणाचा मान जात नाही. औषध पेशंटच्या अंगात जाण्याआधीची शेवटची तपासणी सिस्टरच करतात.

दोन तासांनी नातेवाईक विचारतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये, ‘आणखी इंजेक्शन का देत नाही?’ बेडपाशी सिस्टर असतात, उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. यकृताला रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला सुमारे 6 तास लागतात. म्हणून नळीची चाचणी 6 तासांनी पुन्हा, आणि पुढचा डोस त्यानंतर ठरतो. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलं नसेल, तर सिस्टर नुसतं ‘डॉक्टर आल्यावर बघू’ म्हणतात आणि वॉर्डात आवाज चढतात.

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. लघवीच्या पिशवीवरची मापं.]

रात्रीचा फोन. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही,’ एवढ्यावर झोपेतून उठलेल्या रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, काही ठरवता येत नाही. त्याऐवजी: ‘बेड 14, घोणस, 10 व्हायल झाल्या. वजन 60 किलो. 3 तासांत लघवी 40 मिली, रंग काळपट. बीपी 100/60. तुम्ही येऊन बघा.’ या वजनाला तासाला निदान 30 मिली लघवी हवी, तेव्हा 40 हा आकडाच पुरेसा बोलतो. फोनवर औषध सांगितलं, तर सिस्टरांनी नाव आणि मात्रा पुन्हा म्हणून दाखवायची, डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हणायचं आणि वॉर्डात येताच सही करायची.

सकाळी ड्युटी बदलताना, ओव्हर देताना सिस्टर आणि रेसिडेंट दोघांनी एकत्र बेडपाशी उभं राहावं. पुढची नळी किती वाजता, आतापर्यंत किती व्हायल, लघवी कितीच्या खाली गेली की कुणाला फोन करायचा: या तीन गोष्टी केसपेपरच्या पहिल्या पानावर, दोघांच्या सहीने.