चाकं जिथे थांबतात

मंडळी, टेबलावर दोन सॅक आहेत. डावीकडची साधी, पाठीवर घ्यायची. उजवीकडची चाकांची, दांडा वर काढला की ओढत न्यायची, मागचा कप्पा उघडून पट्टे बाहेर काढले की पाठीवर चढवायची. दोन्हींच्या लेबलवर ४० लिटर लिहिलंय. दोन्ही आत्ता रिकाम्या आहेत. निघण्याआधी काट्याला लावून पाहिल्या. साधी भरली १ किलो ४०० ग्रॅम आणि चाकांची ३ किलो १०० ग्रॅम. आत रुमालसुद्धा टाकलेला नाही आणि फरक १ किलो ७०० ग्रॅमचा. विमानतळावर हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही, कारण तिथे वजन जमीन पेलत असते. तो कळतो चाकं थांबतात तिथे.

मी सॅक विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे माझ्याकडे नवी सॅक कधी येतच नाही; येते ती मोडलेली, आणि सोबत तिचा कुरकुरणारा मालक. ‘दोन्ही कामं होतील म्हणून घेतली होती हो,’ असं तो म्हणतो. विमानप्रवास आणि डोंगर, ही ती दोन कामं. दोन्ही होतात का? होतात, पण सारखी होत नाहीत. खरेदीच्या वेळी नेमकं हेच कोणी विचारत नाही, म्हणून आज त्यावरच बोलतो.

थोडं मागे जाऊ. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. सुटकेसला चाकं लावायचं जे प्रसिद्ध पेटंट आहे, ते त्यानंतरचं. बर्नार्ड सॅडो या सामान बनवणाऱ्या कंपनीतल्या गृहस्थांनी १९७० मध्ये अर्ज केला, १९७२ मध्ये पेटंट मिळालं. त्यांची सुटकेस चार चाकांवर आडवी चालायची आणि पुढे एक पट्टा असायचा. कुत्र्याला फिरायला न्यावं तशी ती मागून यायची, वळणावर कलंडायची. आज आपण ओढतो ती दोन चाकांची उभी बॅग आणि आत-बाहेर सरकणारा दांडा ही जोडी १९८७ सालची, रॉबर्ट प्लॅथ नावाच्या वैमानिकाची. आधी विमानातल्या कर्मचाऱ्यांनी ती वापरली, त्यांच्या हातात बघून प्रवाशांनी मागितली. सांगायचा मुद्दा असा की चाकांचं माहेर म्हणजे विमानतळाची फरशी. डोंगर हे त्यांचं सासरही नाही. तिथे ती फार तर पाहुणी.

आता केबिनचा हिशेब. केबिनमधल्या सामानाला बऱ्याच विमान कंपन्या ७ किलोची मर्यादा घालतात. काही थोडं जास्त चालवून घेतात, काही वजन विचारतच नाहीत, नुसतं माप बघतात. पण ७ किलो धरून चाला. साधी सॅक घेतली तर तुमच्या सामानाला उरतात ५ किलो ६०० ग्रॅम. चाकांची घेतली तर ३ किलो ९०० ग्रॅम. डोंगरात चालायचे बूट, एक जाकीट, चार्जर, दोन जोड कपडे, आणि संपलं. बूट पायात घालून विमानात बसणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांना हसू नका, त्यांनी हा हिशेब घरीच केलेला असतो.

मापाचं प्रकरण याहून गमतीचं आहे. ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर हे केबिन सामानाचं खूप ठिकाणी चालणारं माप. काहींकडे ५६ बाय ३६ बाय २३ असतं. यात चाकं आणि दांड्याची मूठ धरलेली असते. दुकानातल्या चिठ्ठीवर मात्र कधीकधी नुसत्या कापडी भागाचं माप लिहिलेलं सापडतं, म्हणून टेप स्वतः लावायची. ५५ गुणिले ४० गुणिले २० म्हणजे ४४,००० घन सेंटिमीटर, म्हणजेच ४४ लिटर. पण हे बाहेरून. चाकांच्या घरासाठी उंचीतले ५ सेंटिमीटर काढा, दांड्याच्या नळ्या आणि मागची पाटी यांचे जाडीतले ३ काढा, बाजूच्या चौकटीचे रुंदीतले २ काढा. राहिलं ५० बाय ३८ बाय १७. बत्तीस लिटर आणि वर थोडं. मग लेबलवरचे ४० लिटर आले कुठून? हे बघा, मी पुठ्ठ्याची चौकट कापून आणली आहे, बरोबर ५५ बाय ४० बाय २० ची. साधी सॅक भरून, जरा दाबून आत जाते. चाकांची भरली की खाली अडते. दाबायची कुठे? मागे सगळा सांगाडा आहे. तेव्हा चाकांची सॅक केबिनमध्ये न्यायचीच असेल, तर लेबलवर ३५-३६ लिटरच्या आसपास बघा. चाळीसच्या मोहात पडलात तर गेटवर ती तुमच्या हातातून जाईल. जाण्याआधी तिच्यातली पॉवर बँक आठवणीने काढून घ्या. तिला विमानाच्या पोटात जागा नाही, ती केबिनमध्येच लागते. आणि १०० वॅट-अवरपर्यंतचीच (हे तिच्यातल्या विजेच्या साठ्याचं माप) सहसा न विचारता नेता येते.

सॅक चेक-इन करणार असाल तर चित्र पालटतं. इकॉनॉमीत एका डागाला साधारण २३ किलो मिळतात, लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर. तेवीसमधले ३ किलो सांगाड्याला गेले तर बिघडत नाही. उलट २० किलो ओझं विमानतळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवर नेण्यापेक्षा ओढलेलं केव्हाही बरं. फक्त पट्टे आत गेले पाहिजेत आणि वरून चेन लागली पाहिजे. लोंबणारा पट्टा सामानाच्या सरकत्या पट्ट्यात अडकला की बक्कल तुटतं, नाहीतर शिवण उसवते. अशा सॅक माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी तोच कप्पा उघडून बघतो. बहुतेक वेळा तो न वापरलेला, कोरा करकरीत असतो.

आता डोंगर. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ही पाण्याची बाटली छातीशी धरा बघू. आता हात लांब करून धरा. बाटली तीच, पाणी तेवढंच, पण खांदा लगेच बोलायला लागला ना? सॅकचंही तेच. पाठीला चिकटलेलं वजन शरीर सहज पेलतं, पाठीपासून लांब गेलेलं वजन मागे खेचतं आणि तुम्ही न कळत पुढे वाकता. चाकांच्या सॅकमध्ये पाठ आणि सामान यांच्या मध्ये दांड्याच्या नळ्या आणि पाटी असतात. समजा सामानाचा मध्य पाठीपासून १५ सेंटिमीटरवर होता आणि तो २१ वर गेला. मागे खेचणारा जोर ४० टक्क्यांनी वाढला, वजनात एक ग्रॅमही न घालता. शिवाय चाकांचा जडपणा सॅकच्या तळाशी. चांगल्या सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत आणि खांद्याच्या खालोखाल भरा असं आपण सांगतो. इथे सगळ्यात जड वस्तू कारखान्यातूनच तळाला बसवून आलेली असते.

दुसरी गोष्ट कमरपट्ट्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. सॅकचं ओझं मुख्यतः खांद्यांनी नाही, कमरेच्या हाडांनी पेलायचं असतं. त्यासाठी पाठीची लांबी जुळायला हवी. मान पुढे झुकवा, मानेच्या मुळाशी एक मणका हाताला टोचतो, तो धरा. आता दोन्ही हात कमरेवर, हाडाच्या वरच्या कडेवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून त्या मणक्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. यासाठी दुसरं माणूस लागतं, एकट्याने करायला जाऊ नका. तुमच्या उंचीवरून हे माप ठरत नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. साध्या ट्रेकिंग सॅकमध्ये पट्ट्यांची जागा वरखाली करता येते किंवा दोन-तीन मापं मिळतात. चाकांच्या सॅकमध्ये सांगाडा म्हणजेच दांडा, त्यामुळे बहुधा एकच माप, आणि ते दांड्याच्या सोयीने ठरलेलं. काहींमध्ये कमरपट्टा म्हणून नुसती नाड्यासारखी पट्टी असते. ती सॅक हलू देत नाही, एवढंच. वजन काही घेत नाही. पट्टा तळहाताएवढा रुंद हवा, त्यात फोम हवा, आणि तो सांगाड्याला जोडलेला हवा, कापडाला नव्हे.

मग पट्टे कशाला, असं विचाराल. जिने, बंद पडलेला सरकता जिना, दगडी फरसबंदी, नावेतून उतरताना चार पावलं पाणी, मुक्कामापर्यंतची शेवटची पाऊलवाट. दहा मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढ्यासाठी ते सोन्यासारखे आहेत. चार तासांच्या चढासाठी नाहीत. माझा अनुभव सांगतो. एकदा दोन दिवसांच्या चालीला मी हौसेने चाकांचीच सॅक घेतली. पहिल्या तासात चाकांचा चिखल विजारीच्या मागे लागला, दुसऱ्या तासात दांड्याची नळी कण्याच्या डाव्या बाजूला रुतायला लागली. दुपारी पाऊस आला आणि संध्याकाळी बघतो तर तळाचे कपडे ओले. कापड जलरोधक होतं. पाणी शिरलं होतं दांड्याच्या तोंडातून, नळीवाटे थेट आत. तेव्हापासून चाकांच्या सॅकमध्ये कपडे आतल्या जलरोधक पिशवीतच भरतो, आणि चालीला ती सॅक नेत नाही.

चाकांकडे येऊ. चार बाजूंना गरगर फिरणारी चार छोटी चाकं असलेली सॅक कोणी दाखवली तर तिथूनच नमस्कार करा. फरशी संपली की ती संपली. दोन चाकं, सॅकच्या कोपऱ्यात खोल बसवलेली आणि मोठी. मोठी का, ते बघा. चाकाच्या त्रिज्येइतका उंच अडथळा आला तर आडव्या ओढीने चाक त्यावर चढूच शकत नाही. ५ सेंटिमीटर व्यासाचं चाक अडीच सेंटिमीटरच्या दगडाशी ठप्प. १० सेंटिमीटरचं चाक तो दगड एका हिसक्यात ओलांडतं. आणि सॅक उलटी करून चाकाचा आस बघा. षटकोनी खाच असलेला स्क्रू दिसला तर चाक बदलता येईल, रिव्हेट ठोकलेली असेल तर मला ते छिन्नीने फोडावं लागेल. बऱ्याच चांगल्या चाकांत स्केटच्या चाकातलंच बेअरिंग असतं, बाहेरून २२ मिलीमीटर, भोक ८, जाडी ७. ते कुठेही मिळतं आणि पाच मिनिटांत बसतं. वाळूतून ओढून आणलीत तर तेच पहिल्यांदा कुरकुरतं. एक सूचना, वापरत नसाल तरी सॅक वर्षानुवर्षं दमट माळ्यावर टाकू नका. पॉलियुरेथेनची चाकं ओलाव्याने आतून सडतात आणि एके दिवशी बिस्किटासारखी गळून पडतात. एक पाव्हणा न वापरलेली सॅक घेऊन आला होता, टेबलावर ठेवेपर्यंत माझ्या दारापासून काळ्या चुऱ्याची रांगोळी!

चेनबद्दल थोडक्यात. मुख्य कप्प्याची चेन जाड हवी आणि तिला दोन रनर हवेत. चेन लागूनही मागून फाकायला लागली तर दोष बहुधा रनरचा असतो, दातांचा नव्हे. पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबा, प्रवास पार पडेल. दांड्याची नळी मात्र वाकली की वाकली. ती सरळ करून देतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. म्हणून दुकानात दांडा पूर्ण बाहेर काढून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखडणारच, पण मूठ वळायला लागली तर ठेवून द्या.

मी स्वतः काय करतो? डोंगर हे मुख्य काम असेल तर साधी ट्रेकिंग सॅक, विमानतळावर ट्रॉली. शहरं जास्त आणि मधे एक-दोन दिवसभराच्या चाली असतील तर चाकांची सॅक चेक-इनला, आणि तिच्या आत २० लिटरची, घडी केली की मुठीत मावणारी हलकी सॅक. चालीच्या दिवशी मोठी सॅक मुक्कामी राहते. काही चाकांच्या सॅकना बाहेरून चेनने जोडलेली छोटी सॅक येते. कल्पना चांगली, पण ती जोडलेली असताना सगळा तोल आणखी मागे जातो. पाठीवर घेताना ती काढून पुढे, छातीवर अडकवा.

चालीच्या काठ्या आणि गॅसचं कोणीतरी मघाशी विचारलं. काठ्या चेक-इनच्या सामानात टाका, केबिनमध्ये बऱ्याच ठिकाणी काढून घेतात. गॅसची कुपी कुठेच चालत नाही, ना वर ना खाली, पोचल्यावर घ्यायची. आणि न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर डोंगरात वापरलेले बूट तिथे उतरताना जाहीर करावे लागतात, माती दिसली की अडवतात. चाकांच्या खाचांतही माती असते, हे माणूस विसरतो. जुना दातघासणीचा ब्रश घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी बसा.

आता मी बोलायचं थांबतो. दोन्ही सॅकमध्ये मी बारा-बारा किलोची पुस्तकं भरतो आहे. बाहेर तीन मजल्यांचा जिना आहे. एक सॅक घेऊन वर जा, खाली या, मग दुसरी घ्या. वर पोचल्यावर मान मागे करून छताकडे बघा, डोकं सॅकला आपटतं का ते कळेल. चाकांची सॅक जिन्यावरून ओढत नेऊ नका, तिचा दांडा मीच बदलला आहे.