काळे ठिपके, भुरी आणि बुंध्यावरची छत्री

सोलापूरला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा कोरड्या हवेत शोभेच्या झाडांना बुरशीने का छळावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र बुरशीला मोठा पाऊस लागतोच असे नाही. पान पुरेसे तास ओले राहिले की तिचे काम भागते.

रोग लागलेले गुलाबाचे पान पाहा. त्यावरील काळ्या डागांची कड सरळ नसून झालरीसारखी विस्कटलेली आहे, डागाभोवतीचा भाग पिवळा पडला आहे आणि खालच्या फांद्यांची पाने आधीच गळून गेली आहेत. डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे होणारा हा काळ्या ठिपक्यांचा रोग आहे. तिचे बीजाणू रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले असावे लागते. नळाला काही दिवसांआड, तेही अवेळी पाणी येणाऱ्या या शहरात, पाणी आले की रात्री का होईना, पाइप हातात धरून सगळी बाग शेंड्यापासून भिजवून घेतली जाते आणि ती ओल सकाळपर्यंत टिकते. पाणी बुंध्याशी सोडणे, गळलेली पाने वेचून बागेबाहेर टाकणे आणि फांद्या विरळ ठेवणे एवढ्याने निम्मा रोग आटोक्यात येतो, असे आमचे मत आहे. बुरशीनाशकाचा क्रम त्यानंतरचा.

भुरीची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. थंडीत दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारठा असा काळ सुरू झाला की कोवळी पाने व कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर चढतो, पाने आत वळतात आणि कळ्या नीट उमलत नाहीत. या बुरशीला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. पाण्यात विरघळणारे गंधक तिच्यावर गुणकारी आहे, परंतु पारा तिशीच्या पुढे गेल्यावर केलेली गंधकाची फवारणी पानेच करपवते. त्यामुळे सोलापुरात ती थंडीतल्या सकाळी उरकावी आणि फेब्रुवारीनंतर तिच्या वाटेला जाऊ नये.

डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगाशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या या जिल्ह्यात पानावर काही वेगळे दिसले की हात फवारणीच्या पंपाकडे जातो, हे समजण्यासारखे आहे. तरीही जास्वंद किंवा एक्झोऱ्याचे कोवळे पान पिवळे पडले असेल आणि शिरांचे जाळे तेवढे हिरवे राहिले असेल, तर तो रोगच नव्हे. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. अशा मातीत ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) फार काळ टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते. खरेदी करताना पाकिटावरील ही अक्षरे वाचून घ्यावीत.

चाफ्याचे पान मात्र उलटूनच पाहावे लागते. वर बारीक पिवळे ठिपके आणि खाली बोटाला लागणारी नारिंगी पूड दिसली, तर तो तांबेरा होय. पाने तोडून नष्ट केली की पुढच्या पालवीला त्याचा उपद्रव कमी होतो.

मोठ्या वृक्षांकडे वळू. शेजारच्या तेलंगणात आणि कर्नाटकात आढळलेली कडुनिंबाची शेंडेमर फोमोप्सिस बुरशीमुळे होते आणि रस शोषणाऱ्या ढेकण्यांच्या उपद्रवाने ती बळावते. शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होतात, झाड मेल्यासारखे दिसते, आणि नेमके त्याच वेळी ते तोडण्याची घाई होते. बहुतेक कडुनिंब पुन्हा पालवतात. म्हणून वाळलेले शेंडे छाटावेत व झाडाला वेळ द्यावा.

गुलमोहराच्या बाबतीत अशी उसंत मिळत नाही. त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, लाखेसारखी चकाकणारी लालसर-तपकिरी छत्री उगवलेली दिसली, तर ती गॅनोडर्मा बुरशी आहे आणि ती बाहेर दिसेपर्यंत मुळे व खोडाचा गाभा आतून बराच कुजलेला असतो. छत्री उपटून टाकल्याने काहीही साध्य होत नाही. रस्त्याच्या खोदाईत तुटलेली मुळे आणि बुंध्याला घासून बसवलेले पेव्हर ब्लॉक यांमुळे झालेल्या जखमांतून तिला आत शिरायला वाट मिळते. असे झाड हिरवेगार दिसत असतानाही वळवाच्या वाऱ्यात मुळासकट उन्मळू शकते, त्यामुळे छत्री दिसताच जाणकाराकडून झाडाची तपासणी करून घ्यावी आणि तोवर त्याखाली वाहन उभे करू नये. झाड काढावेच लागले, तर खुंट व जाड मुळेही खणून काढावीत आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरा गुलमोहर लावू नये, कारण कुजलेल्या मुळांत ही बुरशी अनेक वर्षे जिवंत राहते.