एका व्हायोलिनसाठी जागा

(दृश्य: बर्लिन. फिलहार्मोनी सभागृहाच्या सोनेरी भिंती, वर तंबूसारखं छप्पर.)

डिसेंबर १९७६. या सभागृहात तेरा वर्षांची एक मुलगी व्हायोलिन घेऊन उभी आहे. समोर आहेत बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालक हर्बर्ट फॉन कारायान. मुलगी बाखचं शाकोन वाजवते. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली ही मोठी रचना, साथीला एकही वाद्य नाही. मग मोत्सार्ट. ऐकून झाल्यावर कारायान तिला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं आमंत्रण देतात.

आन-सोफी मुटर. जन्म जून १९६३, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या जर्मनीतल्या ऱ्हाइनफेल्डन गावी. ज्या सभागृहात ती उभी होती, तेही त्याच वर्षी ऑक्टोबरात खुलं झालं होतं. दोघं एकाच वयाची.

(दृश्य: साल्झबुर्ग, नदीकाठ, जुनं शहर.)

मे १९७७. मोत्सार्टच्या जन्मगावी तिचा कारायान आणि त्यांच्या वाद्यवृंदाबरोबर पहिला कार्यक्रम झाला. तोपर्यंत बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये एकही स्त्री सदस्य नव्हती. मागे सगळे अनुभवी पुरुष वादक, शेजारी एकोणसत्तर वर्षांचे कारायान आणि पुढे ही मुलगी. रचना होती मोत्सार्टचा जी मेजरमधला तिसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली रचना. १७७५ साली तो लिहिला तेव्हा मोत्सार्ट स्वतः एकोणीस वर्षांचा होता.

एवढ्या वाद्यांत एक व्हायोलिन ऐकू येतं तरी कसं? गजावर जोर देऊन नव्हे. वाद्यवृंदाशी ताकदीने झुंजायला गेलं तर स्वर कर्कश होतो, एवढंच. त्या एका स्वरासाठी बाकीच्यांनी जागा ठेवावी लागते, आणि ही जागा मोत्सार्टने कागदावरच करून ठेवली आहे.

या कॉन्चेर्टोचा मधला, संथ भाग ऐका. (इथे संगीत थोडा वेळ एकटंच वाहू द्यावं.) वाद्यवृंदातली व्हायोलिनं आणि व्हायोला घोडीवर, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यावर, म्यूट हा आवाज दाबणारा छोटा चाप बसवून वाजतात, त्यामुळे त्यांचा आवाज मऊ होतो. खालच्या सुरांची तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात. आधीच्या भागातल्या ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या जागी इथे बासऱ्या येतात. म्यूट नाही तो फक्त एकल वादकाच्या व्हायोलिनवर. म्हणून ते हळू वाजलं तरी वर तरंगतं. मला हा भाग मोत्सार्टच्या सगळ्या व्हायोलिन लेखनात सर्वांत सुंदर वाटतो. इथे वेगाची करामत दाखवायला वावच नाही. सूर लांबवायचा, तोलायचा आणि थरथरू न देता संपवायचा. तेरा वर्षांच्या हातांना हे द्रुत ताना काढण्यापेक्षा अवघड.

(दृश्य: सभागृहाचा अंतर्भाग. कॅमेरा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर.)

आता पुन्हा बर्लिन. जुनं फिलहार्मोनी जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. नव्याचा आराखडा करताना वास्तुकार हान्स शारून यांनी एक साधं निरीक्षण धरून ठेवलं: कुणी वाजवू लागलं की माणसं आपोआप भोवती गोल करतात. आपल्याकडे पारावरच्या भजनाला बसतात तशीच. म्हणून मंच जवळपास मधोमध आणि चहूबाजूंनी उतरत्या टप्प्यांवर श्रोते. आसनं सुमारे २,४००, तरी शेवटचा श्रोताही मंचापासून साधारण तीस मीटरवरच.

ध्वनितज्ज्ञ लोथार क्रेमर यांना मात्र सुरुवातीला ही रचना पटली नव्हती. व्हायोलिनचे उंच सूर सगळीकडे सारखे पसरत नाहीत, वाद्याच्या पुढच्या फळीच्या दिशेने जास्त जातात. म्हणूनच एकल वादक संचालकाच्या डाव्या हाताला उभा राहतो, म्हणजे ती फळी श्रोत्यांकडे वळते. पण श्रोते पाठीमागेही बसलेले असतील तर? उत्तर भिंतींत आणि छतात शोधलं गेलं. टप्प्यांच्या कडेच्या भिंती आवाज शेजारच्या श्रोत्यांकडे परतवतात. छत आत फुगलेलं आहे, त्यामुळे आवाज एका जागी न साचता पसरतो. मंचावर परावर्तक टांगलेले आहेत. पाठीमागच्यांना समोरच्यांइतका थेट स्वर मिळत नाही हे खरं, पण त्यांना संचालकाचा चेहरा दिसतो.

(दृश्य: ध्वनिमुद्रणाचे माइक, रिकामी आसनं.)

फेब्रुवारी १९७८ मध्ये मुटर आणि कारायान यांनी याच सभागृहात मोत्सार्टचे तिसरा आणि पाचवा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. ती चौदा वर्षांची होती. पुढे बेथोव्हनचा कॉन्चेर्टो तयार करून ती गेली, तेव्हा कारायान यांनी तिला परत पाठवलं: पुढच्या वर्षी ये. ती गेली, आणि १९७९ मध्ये तोही मुद्रित झाला. एवढं यश हाती असताना थांबायला सांगणारा वडीलधारा माणूस भेटणं, हे मला पहिल्या आमंत्रणाइतकंच मोलाचं वाटतं.

बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री १९८२ मध्ये आली, व्हायोलिनवादक मादलेन कारुत्सो. मुटर यांनी पुढे तरुण तंतुवादकांसाठी संस्था उभी केली. ती त्यांना शिष्यवृत्ती देते, चांगली वाद्यं वापरायला देते, त्यांच्यासाठी नव्या रचना लिहून घेते. २०११ पासून यांतल्याच वादकांना घेऊन मुटर दौरे करतात, आणि मंचावर स्वतः त्यांच्यात उभं राहून वाजवतात.